गाण्याआधीचं 'ला ला ला': गाणी लिहिली जाताना काय काय घडतं?

अर्धामात्रा (धागाकर्ती)

माझा एक मित्र चाली बांधतो आणि मी त्यांवर शब्द लिहिते. निव्वळ हौस. सध्या एका चालीवर चार महिने अडकलेय. चाल विसरू नये म्हणून पहिल्याच दिवशी तोंडाला येतील ते शब्द तिच्यावर बसवले होते: "चावी कुठे गेली गं, चावी कुठे गेली". त्या दिवशी खरंच चावी सापडत नव्हती. चाल विरहाची आहे. आता कितीही हळवं लिहिलं तरी गाताना तोंडात चावीच येते.

डमी शब्दांच्या या दुखण्यावर उतारा शोधताना कळलं की ते फार थोरामोठ्यांना झालेलं आहे. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी लंडनला विम्पोल स्ट्रीटवर, तेव्हाच्या मैत्रिणीच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहायचा. एका सकाळी जागा झाला तो अख्खी चाल डोक्यात घेऊनच. पलंगाशेजारी पियानो होता, लगेच वाजवून पाहिली. शब्द मात्र नाहीत. मग 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' अशी सुरुवात केली, 'एग्ज'ला यमक म्हणून प्रेयसीचे 'लेग्ज' आणले आणि वेळ मारून नेली.

पुढे ज्या शब्दाने गाणं सुरू झालं तो 'यस्टर्डे'. आता दोन्ही तोंडाने म्हणून बघा. स्क्रॅम्-बल्ड-एग्ज. यस्-टर्-डे. दोन्हीकडे तीनच ठोके आणि दोन्हीकडे जोर पहिल्यावर. अंड्यांनी रुमाल टाकून जागा धरून ठेवली होती, 'यस्टर्डे' येऊन बसला.

चाल इतकी आयती आली की त्याला वाटलं, आपण कुणाची तरी ढापली. महिनाभर ओळखीतल्या संगीतवाल्यांना वाजवून दाखवत विचारत फिरला, ही कुणाची आहे हो? कुणीच हक्क सांगितला नाही. शब्द सापडले ते १९६५च्या मे महिन्यात, पोर्तुगालमध्ये मोटारीच्या लांबच्या प्रवासात. १४ जूनला रेकॉर्डिंग झालं. बीटल्सपैकी बाकीचे तिघं त्यात वाजवतच नाहीत. पॉल, त्याची गिटार आणि त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने साथीला दिलेली चार तंतुवाद्यं, बस्स.

तुमच्याकडचे असे किस्से टाका. फक्त गाणं लिहिण्याचे हवेत, गायकांची भांडणं नकोत.

झोपाळू

आयडीला जागून लिहितो. रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन', १९६५च. कीथ रिचर्ड्स उशाशी कॅसेट रेकॉर्डर ठेवून झोपायचा. सकाळी बघतो तर टेप शेवटपर्यंत गेलेली. रात्री आपण काही वाजवलं हेच आठवेना. मागे फिरवून ऐकली. सुरुवातीला थोडी गिटार, त्यात ती जगप्रसिद्ध सुरावट, आणि मग चाळीसेक मिनिटं स्वतःचंच घोरणं. हे तो स्वतः सांगतो, त्यामुळे मिनिटांचा हिशेब त्याच्याकडे मागा.

त्याहून मजा पुढे आहे. ती सुरावट त्याला ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या वाद्यांवर हवी होती. गिटारला फझचं (आवाज खरखरीत करणारं) पेडल लावून जे वाजवलं ते फक्त 'इथे असं काहीतरी' हे दाखवायला. बाकीच्यांनी त्याला न जुमानता तेच बाजारात पाठवलं. म्हणजे तुमची चावीच रेकॉर्डवर गेली म्हणायची.

हे वाचल्यापासून मीही मोबाइल उशाशी ठेवून झोपतो. गेल्या आठवड्यात रात्री अडीचला काहीतरी गुणगुणून ठेवलंय. अजून ऐकायचं धाडस झालेलं नाही.

खडूस वाचक

हे स्वप्नातले किस्से फार गोड असतात, पण त्यामुळे लोकांना वाटतं की गाणं आभाळातून पडतं. तुमच्याच गोष्टीत बघा ना. चाल एका झोपेत आली, शब्दांना किती काळ गेला? मॅकार्टनी नुसता डमी गात बसला होता म्हणून 'हेल्प' सिनेमाच्या सेटवर दिग्दर्शक वैतागला होता, एकदा पुरं कर नाहीतर पियानो उचलून नेतो म्हणून.

मला लेनर्ड कोहेनचा 'हालेलुया' जास्त खरा वाटतो. कित्येक वर्षं लिहीत होता. कडवी डझनांनी. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात अंतर्वस्त्रांवर जमिनीवर बसून डोकं आपटत होतो, हे गाणं काही मला पुरं होत नाही म्हणून, असं त्यानेच सांगून ठेवलंय. पुढे पॅरिसच्या एका कॅफेत बॉब डिलनने त्याला विचारलं, किती दिवस लागले? कोहेन म्हणाला, दोन वर्षं. खोटं बोलला, त्याहून जास्त लागले होते, पण सांगायची लाज वाटली. मग त्याने डिलनला त्याच्या 'आय अँड आय'बद्दल विचारलं. उत्तर आलं, पंधरा मिनिटं.

आणि एवढं करून १९८४ साली ती तबकडी त्याच्या कंपनीने अमेरिकेत काढायलाच नकार दिला. पुढे जॉन केल या गायकाला ते गाणं म्हणायचं होतं, त्याने शब्द मागितले, तर कोहेनने फॅक्सवर पंधरा पानं पाठवली. केलने त्यातून निवडून १९९१मध्ये जे बांधलं, त्यावरून जेफ बकलीने १९९४मध्ये त्याचं केलं. आज लोक ज्याला 'हालेलुया' म्हणतात त्यातली कुठली कडवी ठेवायची हे कोहेनने ठरवलेलंच नाही.

तिसरा अंतरा

खडूसराव, दोन्ही खरं असतं हो. आपल्याकडचंच घ्या. '१९४२: अ लव्ह स्टोरी'. सिनेमात या जागी गाणं हवं असा आग्रह जावेद अख्तर यांनीच धरला होता. मग ते विसरून गेले. सिटिंगच्या दिवशी गाडीत बसल्यावर आठवलं की आपण काहीच लिहिलेलं नाही. वाटेत एक ओळ सुचली, 'एक लडकी को देखा तो ऐसा लगा'. तिथे पोचल्यावर तोंड वर करून सांगितलं की पुढे नुसत्या उपमाच उपमा असतील. वाटलं होतं, कल्पना नाकारतील आणि सुटका होईल. तर आर. डी. बर्मन म्हणाले, छान आहे, पहिला अंतरा द्या. बसल्या बसल्या लिहावा लागला आणि तिथल्या तिथे चाल झाली. ४ जानेवारी १९९४ला आर. डी. गेले. त्या वर्षी सिनेमा आला आणि गाणं घराघरांत पोचलं ते त्यांच्या पश्चात.

आता याच आर. डी.ची उलटी बाजू. 'इजाजत'साठी गुलजारांनी 'मेरा कुछ सामान' नेऊन दिलं. ना यमक, ना मीटर, ओळी लांब-आखूड. वाचून ते म्हणाले, उद्या तुम्ही टाइम्स ऑफ इंडिया आणून द्याल आणि म्हणाल, लावा चाल! आशाबाई शेजारी बसून 'लौटा दो' एवढेच शब्द गुणगुणत होत्या. आर. डीं.नी कान टवकारले. तो तुकडा धरून बाकीचं गाणं त्याच्याभोवती विणलं. मुखडा आधी आणि अंतरा मागून हा रिवाजच त्यात नाही. त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार दोन, गुलजारांना आणि आशाबाईंना. चाल ज्यांनी लावली ते हात हलवत घरी.

धूरकट

कुणी 'स्मोक ऑन द वॉटर' टाकलं नाही? गिटार हातात घेणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात जे वाजवून शेजाऱ्यांचं डोकं उठवतो ते.

४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. डीप पर्पल तिथे रेकॉर्डिंगला आले होते. जागा ठरली होती कॅसिनोची, कारण हिवाळ्यात तो बंद राहणार होता. बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम फ्रँक झापाचा. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ उडवणारं पिस्तूल) उडवली. छत पेटलं, बघता बघता कॅसिनो गेला. नशीब की कुणी दगावलं नाही. क्लोड नोब्स, जो तिथला जॅझ महोत्सव चालवायचा, पोरांना ओढून बाहेर काढत होता. गाण्यातला 'फंकी क्लोड' तो हाच. बँडवाले हॉटेलच्या खिडकीतून बघत होते, धूर तळ्यावर पसरत चाललेला. काही दिवसांनी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो तोंडात हे शब्द घेऊन. (खडूसराव, पुन्हा झोप. काय करणार!) त्याला स्वतःलाच ते बरे वाटले नाहीत, लोक म्हणतील अमली पदार्थांवरचं गाणं आहे.

मला आवडणारा भाग याच्या पुढचा. कॅसिनो गेल्यावर त्यांना एक थिएटर मिळालं. तिथे रात्री ती सुरावट रेकॉर्ड करत असताना आवाजाच्या तक्रारी गेल्या आणि पोलीस आले. बँडची माणसं आतून दार दाबून उभी राहिली, टेक पुरा होईपर्यंत. मग तिथूनही हकालपट्टी. शेवटी थंडीसाठी बंद असलेल्या एका मोठ्या हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून उरलेलं काम केलं. हे गाणं भरतीचं म्हणून घेतलेलं, त्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती. त्यातले शब्द तरी काय आहेत? घडलं ते ओळीने सांगितलंय. पोलीस पंचनामा गातोय असं वाटतं. :)

रेडिओवेडा

पंचनाम्यावरून आठवलं, कवीला कोंडून लिहून घेतलेलं गाणं आपल्याकडे आहे. गीतरामायण. १९५५, पुणे आकाशवाणी. आठवड्याला एक गाणं, वर्षाहून थोड्या जास्त काळात छप्पन्न. पहिलं गाणं गदिमांनी लिहून बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, हाती दिलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी बाबूजी म्हणतात, कागद हरवला. गदिमा असे भडकले की पुन्हा लिहिणार नाही म्हणून बसले. तेव्हा आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी त्यांना कागद-लेखणीसकट खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. गाणं झालं की दार उघडू. आठवेल तसं पंधरा मिनिटांत लिहून बाहेर आले अशी गोष्ट सांगतात. 'स्वये श्रीरामप्रभू ऐकती'.

मला राहून राहून वाटतं, हरवलेल्या कागदावर काय होतं? आठवून लिहिलं म्हणजे तेच लिहिलं असेल असं थोडंच आहे. रागाच्या भरात एखादी ओळ आणखी चांगली झाली असेल.

कॅसेटवाली

'अमेझिंग ग्रेस' राहिलं. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान, भर समुद्रात वादळ, मरण समोर, देवाचा धावा केला, वाचला, जहाज मागे फिरवून गुलाम सोडून दिले आणि तिथेच हे भजन लिहिलं. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

खडूस वाचक

काटा जरा खाली घ्या. ही गोष्ट फॉरवर्डमध्ये फिरते ती बरीचशी रचलेली आहे. जॉन न्यूटन खरा, वादळही खरं. ते १७४८चं. पण तेव्हा तो कप्तान नव्हता. कप्तान तो त्यानंतर झाला, देव भेटल्यावर! १७५०नंतर गुलामांच्या जहाजांवर सफरी केल्या आणि १७५४मध्ये समुद्र सोडला तो तब्येतीने दगा दिला म्हणून. पुढे इंग्लंडमध्ये ओल्नी गावी पाद्री झाला. भजन १७७३च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठीचं, म्हणजे वादळानंतर पंचवीस वर्षांनी. गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका काढली ती १७८८ला. आणि आपण ज्या चालीवर ते ऐकतो ती या शब्दांना जोडली गेली १८३५ साली अमेरिकेत. न्यूटनला मरून तोवर पाव शतक उलटून गेलं होतं. आपलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं त्याने या चालीत कधी ऐकलेलंच नाही.

कॅसेटवाली

सपशेल माघार. पण खरं सांगू का, ही तुमची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. एका रात्रीत सुधारलेला माणूस सोपा असतो. वादळातून वाचून, प्रार्थना शिकून, पुन्हा त्याच धंद्यात जाऊन सकाळ-संध्याकाळ जहाजावर प्रार्थना म्हणणारा माणूस डोक्यातून जात नाही. 'मी आंधळा होतो' ही ओळ त्याने लिहिली तेव्हा नेमका कुठल्या वर्षांचा हिशेब मनात असेल?

धूरकट

रचलेल्या गोष्टींत फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' घ्या. कुणीतरी बुडत होतं, दुसरा काठावरून नुसता बघत होता, फिलने ते पाहिलं आणि पुढे त्याच माणसाला कार्यक्रमाला बोलावून तोंडावर गाणं म्हटलं. वर्षानुवर्षं लोक शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात घटस्फोटाच्या काळात माणूस घरी एकटा, यंत्रं लावून माइकसमोर जे आलं ते बोलत गेला. बहुतेक शब्द तिथेच सुचलेले. कशाबद्दल आहे हे आपल्यालाच माहीत नाही, असं तो सांगून थकला.

सूरपारंबी

नुसतं वाचत होते, राहवलं नाही. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'. कॅथलीन हॅना या मैत्रिणीने निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या भिंतीवर लिहिलं, कर्टला टीन स्पिरिटचा वास येतो. याला वाटलं, वा, क्रांतीची हाक! टीन स्पिरिट हे बायकांचं डिओडरंट होतं. गाणं बाहेर पडल्यावर त्याला कळलं. :D

तिसरा अंतरा

=)) याला म्हणतात अर्थाचा अनर्थ.

उलटंही होतं. स्टिंगचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. जमैकात, जेम्स बाँडचे जनक इयन फ्लेमिंग जिथे लिहायचे त्या घरी, त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलेलं. रात्री ओळ सुचून जाग आली, अर्ध्या तासात गाणं तयार. लोक ते लग्नात लावतात. शब्द नीट ऐका, माणूस पाळतीवर आहे. हेरकथेच्या टेबलाचा गुण, दुसरं काय. स्टिंगलाही ते नंतरच जाणवलं म्हणे.

अर्धामात्रा (धागाकर्ती)

अरे काय हे, मेजवानी आहे! खडूसरावांचं 'आभाळातून पडत नाही' पटतंय. पण एक लक्षात आलं का, पडो किंवा आपटून काढो, जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कुणीतरी दुसरा आहे. आशाबाई नसत्या तर? लाडांनी कडी लावली नसती तर? कीथचं ऐकलं असतं तर?

याच धर्तीवर काल एक सापडलं. 'हे ज्यूड', १९६८. जॉन लेननचा संसार मोडत होता. त्याच्या मुलाला, ज्युलियनला, धीर द्यायला पॉल मोटारीने त्यांच्याकडे निघाला आणि वाटेत 'हे ज्यूल्स' असं गुणगुणू लागला. पुढे 'ज्यूड' केलं, म्हणायला बरं म्हणून. गाणं जॉनला ऐकवताना एक ओळ आली, 'तुला हवी ती हालचाल तुझ्या खांद्यावर आहे' अशा अर्थाची. पॉल घाईघाईने म्हणाला, ही बदलणार आहे, खांद्यावर काय पोपट बसलाय? जॉन म्हणाला, हात लावू नकोस, गाण्यातली सगळ्यात चांगली ओळ तीच आहे. राहिली. ज्या गाण्याच्या मुळाशी आपल्याच घराची पडझड आहे, त्यातली ओळ जॉनने वाचवली. आणि गंमत म्हणजे हे गाणं आपल्याला उद्देशून आहे असं जॉनलाच वाटायचं.

खडूस वाचक

मग तुमची चावी का बदलताय? विरहाचं गाणं आहे ना? माणूस निघून गेलंय आणि घरात चावी सापडत नाहीये. 'प्राणसख्या' वगैरे लिहून काढण्यापेक्षा लाखपट बरं.

अर्धामात्रा (धागाकर्ती)

...

हे मित्राला पाठवते. तो पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

सूरपारंबी

गन्स अँड रोझेसच्या 'स्वीट चाइल्ड ओ माइन'चा शेवट असाच आहे! गाणं कुठे न्यायचं सुचेना, म्हणून ॲक्सल रोझ आता कुठे जायचं, कुठे जायचं, असं पुटपुटत होता. तेच ठेवलं. आणि सुरुवातीची ती गिटार स्लॅशने बोटांचा व्यायाम म्हणून टाइमपास वाजवलेली. दोन्ही टोकं भंगारातून.

झोपाळू

मंडळी, शेवटी आज ते रेकॉर्डिंग ऐकलं. चार मिनिटं पंख्याचा आवाज, मग मी. चाल खरंच सुंदर आहे हो! वर चढते, एक गिरकी घेते, अलगद खाली येते. मला भरून आलं. मॅकार्टनीसारखा नियम पाळला, म्हटलं आधी विचारून घेऊ. दोन मित्रांनी छान म्हटलं, कुणी ओळखली नाही. मग बहिणीला ऐकवली. तिने दुसऱ्या सेकंदाला ओळखली.

आमच्या वॉशिंग मशीनची आहे. धुणं संपलं की वाजते ती. मी रात्री मशीन लावून झोपतो.

तिसरा अंतरा

=)) =)) =)) धागा इथे वसूल.

रेडिओवेडा

झोपाळूभाऊ, खजील होऊ नका. वर चढून गिरकी घेणारी म्हणताय, तर ती बहुधा शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराची असणार. काही मशीनमध्ये तीच असते. 'दी फोरेल', म्हणजे ट्राउट मासा. १८१७ची, तेव्हा शूबर्ट वीस वर्षांचा. ढापलीत ती चांगल्या घरची.

आणि तिचीही गोष्ट या धाग्यात बसणारी आहे. कविता शूबार्ट नावाच्या कवीची. (शूबर्ट आणि शूबार्ट वेगळे, गोंधळ करू नका.) जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकविरुद्ध लिहिल्या-बोलल्यामुळे ड्यूकने त्याला खटला न चालवता होहेनआस्पेर्गच्या किल्ल्यात डांबलं, १७७७पासून दहा वर्षं. कविता त्या कैदेतली. स्वच्छ पाण्यात मासा मजेत पोहतोय, कोळ्याला काही केल्या सापडत नाही. शेवटी कोळी पाणी गढूळ करतो आणि मासा गळाला लागतो. किल्ल्यात बसलेल्या माणसाने हे लिहिलंय, एवढं ध्यानात ठेवून ऐका. शेवटच्या कडव्यात कवी तात्पर्य सांगतो, मुलींनो, गळ घेऊन फिरणाऱ्या पुरुषांपासून जपा. शूबर्टने चाल लावताना ते कडवं घेतलंच नाही. त्याचं गाणं मासा पकडला जातो तिथेच संपतं.

झोपाळू

दहा वर्षं?! आणि मी ती चाल ऐकून मोजे शोधत असतो.

थांबा, वाजली. धुणं वाळत घालून येतो.